उसना शब्द आणि आपलें दुखणें

वैद्यकी मराठींत शिकवावी, निदान रोग्याशीं तरी मराठींत बोलावें, ही गोष्ट कोणीं काढली कीं ताबडतोब दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, इंग्रजी शब्द आहे तसा नागरींत लिहा म्हणजे काम झालें. दुसरा म्हणतो, परक्या शब्दाचा विटाळ नको, संस्कृत धातूपासून नवा शब्द पाडा. दोघेही आपल्या मतावर इतके ठाम असतात कीं, ज्याच्यासाठीं हा खटाटोप चालला त्या रोग्यास शब्द कळला कीं नाहीं, हें विचारावयाचें राहूनच जातें. २०२२ सालच्या ऑक्टोबरांत मध्य प्रदेश सरकारनें वैद्यकीच्या पहिल्या वर्षाचीं हिंदी पुस्तकें प्रसिद्ध केलीं, तेव्हां हाच तंटा पुन्हां पेटला. पुस्तकांतले पुष्कळ शब्द इंग्रजीच आहेत, लिपि तेवढी बदलली, अशी टीका झाली. आमच्या मतें या भांडणांत पडण्यापूर्वीं दोन्ही पक्षांनीं एकदां पूर्वेकडे पाहून यावें. चिनी भाषेंतील एका वैद्यकी शब्दाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवतों. तींत या दोन्ही पक्षांचे पूर्वज भेटतात.

तो शब्द ‘शेनजिंग’. ज्यास आपण मज्जातंतु म्हणतों आणि डॉक्टर नर्व्ह म्हणतात, त्याचें हें चिनी नांव. शब्द दोन अक्षरांचा. ‘शेन’ म्हणजे देहांतील चैतन्य, दैवी तत्त्व. ‘जिंग’ म्हणजे वाट, आणि कापडाचा ताणा हाही त्याचा एक अर्थ. जुन्या चिनी वैद्यकांत प्राणवायु ज्या मार्गांनीं देहभर हिंडतो त्या मार्गांस हेंच ‘जिंग’ अक्षर लावीत. शब्द पाहिला तर तो चीनच्या एखाद्या दोन हजार वर्षांपूर्वींच्या पोथींतून उतरला असावा असें कोणासही वाटेल. वस्तुतः तो चीनमध्यें जन्मलाच नाहीं. तो जन्मला जपानांत, आणि तोही एका डच पुस्तकाच्या भाषांतरांत.

येदो म्हणजे आजचें टोकियो. १७७१ सालीं तेथील कोत्सुगाहारा नांवाच्या वधस्थानावर, देहांतशासन झालेल्या एका बाईच्या प्रेताची चिरफाड होणार होती. ती पाहण्यास सुगिता गेम्पाकु, माएनो र्‍योताकु आणि नाकागावा जुनआन हे वैद्य गेले. सुगिता व माएनो या दोघांनींही बरोबर एकच डच पुस्तक आणलें होतें. मूळ ग्रंथ कुल्मुस नांवाच्या जर्मन शारीरज्ञाचा, आणि त्याचें डच भाषांतर १७३४ सालचें. प्रेत उघडणारा नव्वद वर्षांचा एक म्हातारा होता, आणि तो त्या देशांत अस्पृश्य मानलेल्या वर्गांतला होता. काळीज, यकृत, पित्ताशय तो बोटानें दाखवीत गेला; कांहीं भाग दाखवून म्हणाला कीं, यांचीं नांवें मला ठाऊक नाहींत, पण आजवर जितकीं प्रेतें उघडलीं तितक्यांत हे आढळलेच. वैद्यांनीं पुस्तकांतील चित्रें ताडून पाहिलीं. डच चित्रें देहाशीं तंतोतंत जुळत होतीं. पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेल्या पोथ्या जुळत नव्हत्या.

आमच्या वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. वैद्य पोथ्या वाचीत राहिले, आणि देहाचें ज्ञान मात्र ज्याची सावलीही नको त्या माणसाच्या बोटांत राहिलें. हिंदुस्थानांत याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. प्रेत तपासण्याची रीत सुश्रुताच्या ग्रंथांत सांगितलेली असूनही, १८३६ सालीं कलकत्त्यास मधुसूदन गुप्त यांनीं प्रेतास शस्त्र लावलें तेव्हां ती केवढी थोरली गोष्ट समजली गेली! ज्ञान आणि हात यांची फारकत झाली म्हणजे भाषेचेंही तेंच होतें. म्हातार्‍याला वस्तु ठाऊक, नांव नाहीं. वैद्याला नांवें ठाऊक, वस्तु नाहीं.

त्या दिवशीं परत येतांनाच या मंडळींनीं पुस्तक जपानांत उतरविण्याचा निश्चय केला. माएनोस थोडे डच शब्द येत होते. सुगितास डच वर्णमालाही धड येत नव्हती. कोश नाहीं, गुरु नाहीं. म्हातारपणीं लिहिलेल्या आठवणींत सुगितानें सांगितलें आहे कीं, एकेका ओळीवर दिवसच्या दिवस जात. १७७४ सालीं ‘काइताइ शिनशो’ या नांवानें ग्रंथ बाहेर पडला. त्यावर माएनोनें आपलें नांव घातलें नाहीं. आजच्या ग्रंथकारांस ही गोष्ट विशेष कळवावीशी वाटते.

शब्दांच्या बाबतींत सुगितानें तीन रीती ठरविल्या होत्या, आणि त्या ग्रंथाच्या आरंभींच सांगितल्या आहेत. जेथें जुना शब्द जुळतो तेथें तो घ्यावा. हाडाला हाडच म्हणावें. जेथें जुळत नाहीं तेथें अर्थ पाहून नवा जोडावा; कूर्चेला त्यानें ‘मऊ हाड’ म्हटलें, आणि आज चीन व जपान दोन्हीकडे तेंच नांव चालतें. जेथें अर्थही हातीं लागत नाहीं तेथें डच उच्चार अक्षरांत लिहून मोकळें व्हावें. ग्रंथीला डच भाषेंत ‘क्लीर’ म्हणतात, तें त्यानें ध्वनीवरून तसेंच लिहिलें. मज्जातंतूचा डच शब्द ‘झेनू’. त्याला जुन्या वैद्यकांत नांव नव्हतें, कारण ती वस्तुच वेगळी म्हणून ओळखलेली नव्हती. सुगितानें चैतन्य आणि वाट हीं दोन अक्षरें एकत्र आणून ‘शिनकेइ’ हा शब्द केला. चिनी तोंडीं त्याच अक्षरांचा उच्चार ‘शेनजिंग’ होतो.

यांत एक मौज आहे. डच ‘झेनू’ आणि इंग्रजी ‘सिन्यू’ हे एकाच घराण्यांतले शब्द, आणि मूळ अर्थ कंडरा, दोर. ग्रीक ‘न्यूरॉन’ व लॅटिन ‘नर्व्हस’ यांचाही मूळ अर्थ तोच. म्हणजे युरोपांतही नांव जुनें आणि वस्तु नवी, असाच प्रकार झालेला होता. सुगितानें तो शब्द अक्षरशः उतरविला असता तर जपानांत मज्जातंतूला कंडरा म्हणत बसले असते. त्यानें शब्दाचा अर्थ सोडला आणि वस्तूचें काम पाहिलें. ग्रंथीच्या शब्दाची गतीही सांगण्यासारखी आहे. ‘क्लीर’ हा नुसता ध्वनि कोणाच्या जिभेवर बसेना. तेव्हां उदागावा गेनशिन यानें १८०५ सालच्या आपल्या ग्रंथांत एक नवेंच अक्षर पाडलें: एका अंगास मांसाची खूण, दुसर्‍या अंगास झरा. मांसांतला झरा म्हणजे ग्रंथि! हें अक्षर पुढें चीननेंही उचललें, आणि आज चिनी कोशांत तें ‘शिएन’ या उच्चारानें इतर अक्षरांच्या पंक्तीस बसलें आहे. ज्या देशानें जपानला अक्षरें शिकविलीं त्याच देशानें जपानी वैद्यानें पाडलेलें अक्षर आपल्या कोशांत घेतलें. व्याज म्हणावें कीं परतफेड, हें आमच्या व्यापारी वाचकांनीं ठरवावें.

मग चीन स्वतः कांहींच करीत नव्हता काय? करीत होता. १८५१ सालीं कँटन येथें बेंजामिन हॉब्सन या मिशनरी डॉक्टरानें शारीरावर चिनी पुस्तक लिहिलें. त्यांत मज्जातंतूस ‘नाव-ची-जिन’, म्हणजे मेंदूच्या प्राणवायूचा दोर, असें नांव दिलें. नांव वाईट नव्हतें, आणि अनेक वर्षें चाललेंही. पुढें थोर भाषांतरकार येन फू यास तें पसंत पडेना. त्यानें इंग्रजी शब्दाचा ध्वनि घेऊन ‘न्ये-फू’ असा शब्द वापरला. मिशनरी डॉक्टरांच्या मंडळानें परिभाषेसाठीं कांगशी बादशहाच्या कोशांतून मेलेलीं अक्षरें उकरून काढलीं आणि त्यांना नव्या अर्थांचे कपडे चढविले. १९०८ सालीं त्यांचा कोशही निघाला. आमच्याकडील दोन्ही पक्ष येथें वाचकांस ओळखूं आलेच असतील. एकानें ध्वनि घेतला, दुसर्‍यानें पुराणा कोश उघडला. आणि बाजी मारली ती तिसर्‍यानेंच पाडलेल्या, शेजारच्या देशांतून आलेल्या शब्दानें.

तो शेजारी तरी कसा? १८९५ सालीं जपाननें चीनचा दारुण पराभव करून तैवान घेतलें आणि वीस कोटी ताएल चांदीचा दंड बसविला. दुसर्‍याच वर्षीं तेरा चिनी विद्यार्थी जपानला शिकावयास गेले; दहा वर्षांच्या आंत ही संख्या कांहीं हजारांवर गेली. पुढें मोठा लेखक म्हणून गाजलेला लु शून हा त्यांतलाच. १९०४ पासून तो सेंदाई येथें वैद्यकी शिकत होता. या मुलांनीं जपानी पुस्तकें भराभर चिनींत आणलीं. अक्षरें दोघांचीं एकच, त्यामुळें शब्द उतरवून घेण्यास जकातही पडली नाहीं. स्वाभिमानी मंडळी संतापली, हें ओघानेंच आलें. एका बड्या सुभेदाराची, झांग झिदोंग याची, आख्यायिका सांगतात कीं, कागदांवर नवे जपानी ‘शब्द’ वापरूं नयेत असा त्यानें शेरा मारला, तेव्हां हाताखालच्यानें अदबीनें दाखवून दिलें कीं, हुजुरांनीं शेर्‍यांत ‘शब्द’ या अर्थीं जें पद घातलें तेंच मुळीं जपानी आहे. खरी असो वा खोटी, गोष्ट मार्मिक आहे. पुढें १९३७ सालीं जपाननें पुन्हां चीनवर स्वारी केली, आठ वर्षें रक्ताचे पाट वाहिले. जपानी मालावर बहिष्कार पडला. ‘शेनजिंग’वर पडला नाहीं. तोंपर्यंत तो जपानी राहिलाच नव्हता.

याच युद्धांत आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं काँग्रेसनें पाठविलेल्या वैद्यकी पथकांतून चीनला गेले. ते चिनी शिकले, चिनी विद्यार्थ्यांना चिनींत शस्त्रक्रिया शिकवूं लागले, आणि १९४२ सालच्या डिसेंबरांत तेथेंच वारले. सोलापूरचा मराठी डॉक्टर, मुंबईस इंग्रजींत शिकलेला, जपान्यांच्या गोळ्यांनीं घायाळ झालेल्या चिनी शिपायाचा मज्जातंतु दाखवितांना विद्यार्थ्यांपुढें जो शब्द बोलला असेल, तो डच पुस्तकावरून जपानी वैद्यानें घडविलेला होता. यांत कोणाची मानहानि झाली, हें भाषाशुद्धीच्या कैवार्‍यांनीं आम्हांस समजावून सांगावें.

उसना शब्द मात्र एकटा येत नाहीं. त्याच्या मागें बिर्‍हाड येतें. १८६९ सालीं बियर्ड नांवाच्या अमेरिकन डॉक्टरानें मज्जातंतूंच्या थकव्याचा एक रोग वर्णिला. जपानी मार्गानें तो चीनमध्यें ‘शेनजिंग श्वायरुओ’, म्हणजे शेनजिंगची अशक्तता, म्हणून शिरला. अमेरिकेंत तो रोग लोक विसरून गेले. चीनमध्यें तो घरोघर झाला. झोंप नाहीं, डोकें जड, उत्साह नाहीं, कीं निदान ठरलेलें. १९८० सालीं आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मनोवैद्यानें हुनान प्रांतांत या निदानाचे शंभर रोगी तपासले. त्यांतल्या ८७ जणांना त्याच्या देशाच्या मापानें उदासीनतेचा मनोरोग होता. मग चिनी डॉक्टर अडाणी होते काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मन बिघडलें म्हणावें तर घराण्यास बट्टा, आणि सांस्कृतिक क्रांतीच्या दिवसांत तर उदास असणें हाच संशयाचा विषय. मज्जातंतु थकले म्हटलें कीं दुखणें देहाचें झालें. सुट्टी मिळते, औषध मिळतें, अब्रू राहते. शब्दानें लाखों लोकांना तोंड उघडण्याची सोय करून दिली. त्याच शब्दाचें दुसरें अपत्य ‘शेनजिंगबिंग’. शास्त्रांत त्याचा अर्थ मज्जातंतूंचा रोग. रस्त्यांत मात्र ती शिवी आहे, ‘वेडा कुठला!’ या अर्थीं.

शब्दानें रोगी बरा होत नाहीं, हें खरें. पण रोग्यास रोग सांगतां येतो कीं नाहीं, हें पुष्कळ वेळां शब्दावर ठरतें. याचा ढळढळीत पुरावा जपाननेंच दिला. चित्तविभ्रमाच्या एका भयंकर रोगास तेथें ‘मन दुभंगण्याचा रोग’ म्हणत. २००२ सालीं तेथील मनोवैद्यांच्या संस्थेनें, रोग्यांच्या नातलगांच्या मागणीवरून, तें नांव टाकून ‘जुळणी बिघडण्याचा विकार’ अशा अर्थाचें नांव घेतलें. त्यापूर्वीं शंभरांतल्या सुमारें ३७ रोग्यांसच डॉक्टर निदान सांगत. दोन-तीन वर्षांत तो आंकडा सत्तरच्या घरांत गेला. रोग तोच, औषधें तींच, डॉक्टरही तेच. तैवाननेंही २०१४ सालीं नांव बदललें. मुख्य चीनमध्यें मात्र जपाननें टाकून दिलेलें तें जुनें नांवच अजून चालू आहे. सावकारानें रद्द केलेली हुंडी कुळानें जपून ठेवावी, तसा हा प्रकार.

जुनाच शब्द नव्या रोगास लावला म्हणजे सर्व ठीक होतें, असेंही नाहीं. १८१७ सालीं बंगालच्या बाजूनें उठलेली पटकी कांहीं वर्षांत चीनला पोंचली. तेथल्या वैद्यांनीं तीस ‘हुओ-लुआन’ हें पोथींतलें नांव दिलें. झालें, हा रोग जुनाच कीं नवा, पोथींतला उपाय चालेल कीं नाहीं, यावर त्यांच्यांत वाद माजला.

आतां आमच्या घरीं या. ‘स्नायु’ हा शब्द घ्या. आयुर्वेदांत तो बांधणार्‍या दोरांचा, कंडरांचा. मराठींत स्नायु म्हणजे मांसपेशी. बंगालींत स्नायु म्हणजे मज्जातंतु! एकाच संस्कृत शब्दावर दोन प्रांतांत दोन भिन्न अवयव लटकले आहेत. संस्कृत शब्द घेतला म्हणजे सार्‍या देशांत एकवाक्यता होते, असें म्हणणारांनीं याचा जबाब द्यावा. आमचा ‘मज्जातंतु’ तरी कोठें सरळ आहे? मज्जा म्हणजे हाडांतला मगज, सात धातूंपैकीं एक. त्याचा या तंतूशीं संबंध नाहीं. शाळेच्या पुस्तकांत त्याऐवजीं ‘चेता’ आणि ‘चेतासंस्था’ आले. शब्द नेटका आहे, सुगिताच्या ‘चैतन्याच्या वाटे’चा तो चुलत भाऊच शोभतो. पण मुलगा शाळेंत चेता शिकतो, वर्तमानपत्रांत मज्जातंतु वाचतो, डॉक्टरकडून नर्व्ह ऐकतो, आणि त्याची आजी म्हणते, ‘माझी नस दुखते’ किंवा ‘शीर आखडली.’ तिच्या नसेंत रक्तवाहिनी आणि मज्जातंतु दोन्ही येतात. चीनमध्येंही शब्दांची अशीच गर्दी होती. पण तेथें शाळा, रुग्णालय आणि बाजार हे शेवटीं एका शब्दावर आले. आमचे तिघे तीन दिशांना आहेत. आमचें खरें दुखणें हें आहे. परक्या शब्दांचा त्यांत फारसा दोष नाहीं.

परक्या शब्दांचें भय तर आम्हां वकिलांना मुळींच वाटूं नये. वकील, फिर्याद, दावा, जामीन, हुकूम, अर्ज, दस्तऐवज, यांतला एकही शब्द ऋषींनीं दिलेला नाहीं. व्यापार्‍यांच्या चोपडींत जमा आणि खर्च हे दोन्ही रकाने परक्या शब्दांचे, पण त्यांवर लक्ष्मीपूजनाचें कुंकू वाहतांना कोणाचा हात अडखळत नाहीं. शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश करविला, तो योग्यच होता; दरबार आपला आहे हें भाषेनेंही दिसावें, हा त्यांतला हेतु मोठा होता. तरी त्यांतले कित्येक संस्कृत शब्द कोशांतच राहिले. सावरकरांचे ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ रूढ झाले, ‘दूरध्वनि’ कागदावर राहिला आणि बोलण्यांत फोन आला. लोकांनीं प्रत्येक शब्दाचा निकाल स्वतंत्र लावला. तेव्हां ‘इन्सुलिन’ला कोणी संस्कृत नांव शोधूं लागला तर आम्ही त्याचे हात धरूं, परंतु ‘गर्भाशय काढून टाकणें’ एवढें सोपें मराठी असतां रोग्याच्या कागदावर ‘हिस्टरेक्टॉमी’ नागरी अक्षरांत लिहून जो भाषेची सेवा केल्याचें सांगेल, त्याचेही धरूं.

हा प्रश्न आम्ही कायद्याच्या बाजूनेंही पाहतों. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट सांगितलें कीं, शस्त्रक्रियेस रोग्याची संमति खरी असली पाहिजे. काय करणार, कां करणार, धोका काय, दुसरा उपाय आहे कीं नाहीं, एवढें त्यास कळून त्यानें दिलेली ती संमति. जो शब्द समजलाच नाहीं त्याला हो म्हणणें ही संमति कशी होईल? खरेदीखतांत गट नंबर चुकला तर आमचे पक्षकार कोर्टापर्यंत धांवतात. आणि पोट फाडण्याच्या कागदावर मात्र, न वाचतां, अंगठा. त्या कागदावर दोन भाषा असतात, एक इंग्रजी आणि दुसरी अशी मराठी, जी लिहिणाराही बोलत नाहीं. २०२४ सालच्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद आहे. दर्जाचे समारंभ झाले, हारतुरे झाले. तालुक्याच्या रुग्णालयांतील संमतिपत्र जेथल्या तेथेंच आहे.

शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आहेत, विद्यापीठांच्या समित्या आहेत. त्यांनीं आपलें काम करावें. पण सुगितानें पुस्तक हातांत घेऊन वधस्थान गांठलें, तसें त्यांनींही दवाखाना गांठावा. नस म्हणतांना बाई कोठें हात लावते, शीर म्हणतांना कोठें, हें पाहून मग शब्द ठरवावा. आणि ठरला कीं शाळेंत, कागदावर आणि डॉक्टरच्या तोंडीं तोच असावा. तोंवर थांबण्याचेंही कारण नाहीं. प्रत्येक रुग्णालयानें आपलें संमतिपत्र घ्यावें, तें दारावरच्या पहारेकर्‍यास, झाडूवाल्या बाईस आणि बाहेर बांकावर बसलेल्या नातलगांस मोठ्यानें वाचून दाखवावें, आणि ज्या शब्दाला त्यांनीं ‘म्हणजे काय?’ असें विचारलें तो त्याच दिवशीं बदलावा. यास समिति लागत नाहीं, अनुदान लागत नाहीं, आणि मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटनही लागत नाहीं.